वेतोबा आरोग्यभुवनाचे मॅनेजर

काहीही मागा, मॅनेजर ते आधी नीट ऐकून घ्यायचे. उशी कडक आहे, चहा फिक्का आहे, कोपऱ्यातली खोली नको, दोन दिवस जास्त राहायचं आहे. सगळं ऐकून झालं की लेंग्याची नाडी उगाचच घट्ट करत म्हणायचे, "मालकांना विचारून सांगतो," आणि आत जायचे. आत माजघरात मालक असत. भिंतीवर. काळ्या चौकटीत, डोक्याला फेटा, मिशीची टोकं वर वळवलेली. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मालक म्हणजे मॅनेजरांचे वडील. त्यांच्या मागे ती जागा रीतसर दोन्ही मुलांच्या नावावर झाली होती, म्हणजे कायद्याने मॅनेजर आता मालकच होते. पण हे त्यांना कुणी सांगितलं की ते चक्क लाजायचे. बापाने हयातीत त्यांना मॅनेजर नेमलं होतं आणि पुढे बढतीचा हुकूम काही निघाला नव्हता. दत्ताराम हे त्यांचं नाव त्यांच्या धाकट्या भावाखेरीज कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. बायकोसुद्धा परक्यांसमोर "मॅनेजर जेवले काय?" असंच विचारायची.

मी त्या वाडीत, म्हणजे वेतोबा आरोग्यभुवनात, गेलो तो काविळीमुळे. तेव्हा मी विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि तिथल्याच चाळीत दोघा मित्रांबरोबर खोलीत राहत होतो. डॉक्टर म्हणाले, औषध झालं, आता हवापालट करा. कारखान्यातले सगळे विचारायला लागले, माथेरान की महाबळेश्वर? मी म्हटलं, मुलुंड. विक्रोळीहून मुलुंडला हवापालटाला जाणं म्हणजे स्वयंपाकघरातून उठून ओटीवर बसणं. पण माझ्या खिशाला तेवढीच हवा परवडत होती.

मुलुंड पश्चिमेच्या शेवटच्या वस्तीच्या पुढे कच्चा रस्ता डोंगराला लागायचा. तिथे, चढणीच्या मध्यावर, कौलारू खोल्यांची एक रांग, तिच्यामागे गोठा, गोठ्याला चिकटून घोड्याचा तबेला आणि त्याच्यामागे सरळ जंगल. दारावर पाटी होती, "श्री वेतोबा आरोग्यभुवन. सहकुटुंब राहण्याची व घोड्यावर बसण्याची सोय." रिक्षावाल्यांना हे नाव सांगून उपयोग नव्हता. त्यांना "घोडेवाल्याची वाडी" म्हणावं लागे. आणि वेतोबा म्हणजे भुताखेतांचा राजा, त्याच्या नावावर आरोग्य कसलं काढलंत, असं एका पुणेरी पाहुण्याने विचारलं, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "भुतं सांभाळतो तो तुम्हाला नाही सांभाळणार?"

मी गेलो पंधरवड्यासाठी आणि राहिलो चांगली चार वर्षं. मुंबईत स्वतःची खोली मिळणं किती कठीण होतं ते त्या काळातल्या ब्रह्मचाऱ्यांना विचारा. पण वाडीत भाडेकरू ठेवायचा नाही असा मालकांचा नियम होता. फक्त पाहुणे. त्यामुळे मॅनेजरांनी मला शेवटपर्यंत पाहुणाच ठेवलं. कुणी चौकशीला आलं की मला ओसरीवर बोलावायचे, खांद्यावर शाल टाकायचे आणि सांगायचे, "हे तावडे. कावीळ आहे. आले तेव्हा हळदीसारखे पिवळे होते, आता बघा." पहिल्या वर्षी मी लाजायचो. दुसऱ्या वर्षापासून शाल स्वतःच घेऊन बाहेर यायला लागलो. डबल ड्यूटी करून आलेलो असलो आणि तोंड सुकलेलं असलं तर मात्र मॅनेजर म्हणायचे, "आज तू आतच बस. आज तुझी परिस्थिती जाहिरातीला बरी नाही."

वाडीचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता आणि तो ऐकल्याशिवाय नव्या पाहुण्याला पहिला चहा मिळत नसे. मालक मूळचे वेंगुर्ल्याकडचे. गिरगावात त्यांची घोडागाडी होती. एकदा घोडा आजारी पडला, खाईना, उभा राहीना. कुणीतरी म्हणालं, मुलुंडच्या डोंगरावर चांगलं गवत आहे, तिथे सोडा, मरायचा असला तर सुखाने मरेल. मालकांनी घोडा सोडला. महिन्याभराने न्यायला आले तर तो असा टणटणीत झालेला की मालकांनाच लाथ घातली. मालकांनी त्या लाथेचा सरळ अर्थ लावला. जी हवा घोड्याला मानवते ती माणसाला का मानवू नये? त्यांनी ती जागा घेतली, घोड्याशेजारी एक खोली बांधली आणि गिरगावातल्या ओळखीच्या एका खोकल्याच्या पेशंटला आणून ठेवलं. तोही बरा झाला. लाथ मात्र त्याने घातली नाही.

"आमचा पहिला पाहुणा घोडा होता," हे मॅनेजर भारी अभिमानाने सांगायचे. एका बँकेच्या साहेबांच्या बायकोला हे आवडलं नाही. मॅनेजर तिला समजुतीने म्हणाले की बाई, त्याने कधी कसली तक्रार केली नाही, तेव्हा पाहुण्यांत त्याचा नंबर अजूनही पहिलाच आहे.

आता हवेबद्दल. मालकांच्या काळात ती खरोखरच तशी असेल. आमच्या वेळेला खाली आग्रा रोडवर कारखान्यांची धुराडी उभी होती आणि वारा फिरला की तो धूर थेट वाडीत चढायचा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. मॅनेजर त्या बाजूच्या खिडक्या लावून घेत आणि शांतपणे सांगत, "आज हवा जरा कामाला गेली आहे. संध्याकाळी येईल." आणि गंमत म्हणजे संध्याकाळी डोंगरावरून वारा सुटायचा आणि ती यायचीही.

त्या पहिल्या घोड्याच्या वंशातली म्हणून सांगितली जाणारी एक म्हातारी घोडी तेव्हा वाडीत होती. नाव चंपा. तरुणपणी ती टांगा ओढायची आणि तिचं काम एकच, पाहुण्यांना स्टेशनवर सोडणं आणि आणणं. टांगा मोडला, रिक्षा आल्या, पण पाठीवर माणूस बसला की त्याला स्टेशनवर पोचवायचं, ही गोष्ट चंपाच्या डोक्यातून गेली नाही. डोंगराकडे तोंड करून उभी केली तरी ती सावकाश वळायची आणि उताराला लागायची. एकदा एक नवं जोडपं आलं. नवरा हौशी, बायको घोड्यावर, हा बाजूने चालतोय, जंगलाकडे फिरायला जायचं म्हणत होते. मॅनेजरांनी ताकीद दिली होती की लगाम ओढू नका, तिला आवडत नाही. ओढला नाही. तासाभराने वाडीत माणूस आला की तुमची घोडी स्टेशनबाहेर तिकीट खिडकीपाशी उभी आहे, वर एक बाई रडते आहे आणि भोवती ही गर्दी. मॅनेजर धावत गेले. परत आल्यावर नवऱ्याने पैसे परत मागितले. मॅनेजर आत जाऊन आले आणि म्हणाले, "मालक म्हणतात, ठरल्यापेक्षा जास्त लांब फिरवलं आहे. तरी तुम्हाला जादा लावणार नाही."

मला बरेच दिवस वाटायचं की हे फोटोचं नाटक आहे, नाही म्हणायची सोय आहे. तसं ते नव्हतं. एकदा गिरगावातून एक निवृत्त हेडक्लार्क आले आणि त्यांनी पेटी आणून वाजवायची परवानगी मागितली. मॅनेजरांना पेटीचा मनापासून तिटकारा. ते आत गेले. बाहेर आले ते पडलेल्या चेहऱ्याने. म्हणाले, मालक हो म्हणाले, मला पटलेलं नाही, पण माझं इथे कोण ऐकतो. पुढचा आठवडाभर ते कानात कापूस घालून वावरले आणि फोटोला घालायचा हार त्यांनी दोन दिवस उशिरा घातला. त्या दिवशी माझी खात्री पटली की आत खरोखरच बोलणी होत असली पाहिजेत.

वहिनी, म्हणजे मॅनेजरांच्या बायको, फोटोला रोज नमस्कार करायच्या. विचारायच्या मात्र कधीच काही नाहीत. त्यांना विचारायला वेळही नव्हता. पाहुणा एक असो की सहा खोल्या भरलेल्या असोत, पहाटेच्या उकड्या तांदळाच्या पेजेपासून रात्रीच्या भाकरीपर्यंत सगळं त्यांच्या एकटीच्या हातचं. लग्न होऊन त्या वाडीत आल्या आणि त्यानंतर एक रात्रही दुसऱ्याच्या घरी राहिल्या नव्हत्या. दिवाळीत पाहुणे, मे महिन्यात पाहुणे, आणि मधल्या दिवसांत आलाच कुणी तर? सख्ख्या बहिणीच्या लग्नाला त्यांनी साडी पाठवली. साडी गेली, त्या नाही गेल्या. हे त्यांनी मला कुळथाची पिठी वाढता वाढता सांगितलं, आणि वर विचारलं, अजून घालू काय.

पुढे पुढे तर "आलाच कुणी तर" एवढंच उरलं. लोकांच्या हातात पैसा आला तसे ते लोणावळ्याला, माथेरानला जायला लागले. मुलुंडला कोण हवापालटाला येतो? मुलुंड आता स्वतःच मुंबई झालं होतं. कौलं गळायची, वाळवी लागली होती, चंपा एका श्रावणात शांतपणे गेली. काही महिने असे गेले की सहा खोल्यांत मिळून पाहुणा मी एकटा, तोही कावीळ होऊन चार वर्षं झालेला. तरी मॅनेजर रोज सकाळी सहाही खोल्यांच्या गाद्या उन्हात टाकायचे आणि संध्याकाळी आत घ्यायचे.

धाकटा भाऊ सुरेश चेंबूरला राहायचा, सरकारी नोकरीत होता. माणूस चांगला. दर रविवारी जिलबी घेऊन यायचा आणि जिलबी संपत आली की विषय काढायचा. एक बिल्डर चांगला भाव देतो आहे, इमारतीत दोघा भावांना एकेक फ्लॅट देतो आहे, दोघांच्या सह्या लागतील. मॅनेजर आत जाऊन यायचे आणि सांगायचे, मालक नाही म्हणतात. एका रविवारी सुरेशचा तोल गेला.

"दादा, बाबा वारले."

"म्हणून काय झालं?" मॅनेजर म्हणाले.

सुरेशने चपला घातल्या. पण जाताना तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, वहिनी, मी माझ्या फ्लॅटसाठी नाही मागे लागलो. वहिनी भांडी घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबलेला मला दिसला.

त्यानंतर मॅनेजरांनी एक डाव टाकला. एवढा हुशार डाव त्यांनी आयुष्यात टाकला नसेल. सुरेशला निरोप पाठवला की मालकांची एक अट आहे. जागा घेणाऱ्याने आधी इथे पाहुणा म्हणून चार दिवस राहावं. राहून मग बोलावं. मला म्हणाले, "तावडे, जो इथे चार दिवस राहील त्याच्या हाताने इथलं एक कौल तरी फुटेल काय? माणूस आहे ना तो?" मला हे पटलं. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, जेवायला काय आवडता त्याका, ता विचारून घ्या.

बिल्डरचं नाव मोहिते. सफारी सूट, हातात ब्रीफकेस, डोळ्यांखाली काळं. अट ऐकून तो हसला होता, पण आला. मॅनेजरांनी त्या चार दिवसांत जे केलं ते एखाद्या कलावंताने शेवटच्या प्रयोगात करावं तसं होतं. सगळ्यांत चांगली गादी, धुतलेली चादर, पहाटे धारोष्ण दूध, कोवळ्या उन्हात खुर्ची, दुपारी फणसाखाली बाज. वहिनींनी रोज वेगळा मासा केला. घोड्याचा इतिहास मॅनेजरांनी इतका रंगवून सांगितला की लाथ ऐकताना मोहितेने स्वतःची मांडी चोळली. वारासुद्धा असा इमानी की चारही दिवस धूर इकडे फिरकला नाही. आणि मोहिते झोपला. पहिल्या दिवशी दुपारी झोपला तो दिवेलागणीला उठला. दुसऱ्या दिवशी त्याची ब्रीफकेस उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी तो लेंग्यात फिरायला लागला आणि गाईच्या पाठीवर थाप मारताना दिसला. मॅनेजर मला कोपरखळी मारून म्हणाले, संपला. आता हा काय पाडतो?

चौथ्या दिवशी सुरेश आला. सगळे ओसरीवर बसले. मोहितेचा चेहरा खरोखरच बदलला होता, जाहिरातीला ठेवावा असा झाला होता.

"मॅनेजर," तो म्हणाला, "खोटं नाही बोलत, माझी वाट लागली होती. दोन-दोन गोळ्या घेऊन झोप नाही यायची. इथे मेल्यासारखा झोपलो यार. काय झकास हवा आहे. मी तर चार मजले बांधणार होतो. आता सहा बांधतो. एवढी हवा एका माणसाने ठेवून घेणं म्हणजे पाप आहे."

आणि त्याने भाव आपणहून वाढवला.

मी मॅनेजरांकडे बघितलं. आपल्याच हाताने आपण गिऱ्हाईक पटवलं आहे हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी फार वाईटही वाटत होतं. चाळीसेक वर्षांत त्या माणसाने कुणाचीही इतकी चांगली बरदास्त ठेवली नसेल. ते लेंग्याची नाडी घट्ट करत उठले आणि आत गेले.

आम्ही थांबलो. चहा निवला. सुरेशने दोनदा घड्याळ बघितलं. मॅनेजर बाहेर आले आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"मालक काही बोलत नाहीत," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्यामागून वहिनी आल्या. त्या ओसरीवर पाहुण्यांसमोर कधी उभ्या राहत नसत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "ते कधीच बोलूक नाय. तुमीच बोलत होतात. आता मालकांका नको, स्वतःक विचारा."

मॅनेजरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग जे विचारलं ते बहुधा त्यांनी लग्नापासून विचारलं नव्हतं.

"तुला काय हवंय?"

वहिनी हळूच म्हणाल्या, "माका एकदा खंयतरी पावणी म्हणान जावचा आसा."

मॅनेजर खाली बसले. सुरेशकडे हात पुढे करून पेन मागितलं. मोहिते गडबडीने म्हणाला की कागद आज आणलेले नाहीत, सावकाश करू. पण मॅनेजरांनी पेन खिशाला लावून ठेवलं आणि कागद येईपर्यंत ते तिथेच होतं.

पुढे सगळं रीतीप्रमाणे झालं. वाडी पाडायच्या आधी मला निघावं लागलं. त्या निमित्ताने मी लग्न केलं आणि घाटकोपरला एका चाळीत खोली आणि स्वयंपाकघर असा संसार मांडला. मॅनेजर आणि वहिनी इमारत होईपर्यंत चेंबूरला सुरेशकडे गेले. मी अधूनमधून भेटायला जायचो. मॅनेजर गॅलरीत बसलेले असत. सुरेशची बायको प्रेमळ होती, पण मॅनेजर म्हणायचे, इथे मी घरचा आहे, मला कुणी विचारत नाही.

तेव्हा मीच म्हटलं, आमच्याकडे या चार दिवस. दोघंही या. पाहुणे म्हणून.

ते आले. बरोबर ट्रंक, छत्री आणि मालवणी खाज्याचा पुडा. माझी बायको नलू हौसेने कामाला लागली होती. वहिनी आल्या आल्या पाटावर बसल्या आणि चार दिवस पाटावरच बसल्या असं म्हटलं तरी चालेल. नलूने ताट पुढे ठेवलं की दोन्ही हातांनी ते जवळ ओढून घ्यायच्या आणि अगदी सावकाश जेवायच्या, प्रत्येक घास बघून. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. कपबशीसुद्धा विसळली नाही. सगळं छान आहे, एवढंच म्हणायच्या.

मॅनेजर मात्र पहिल्या चहापासून सुरू झाले. चहात आलं नाही. उशी बसकी आहे. पंखा आवाज करतो. शेजारचा रेडिओ सहा वाजता लागतो, त्याला कोण सांगणार? आंघोळीचं पाणी आधी उकळतं आणि मग एकदम गार. नलू तोंड मिटून सगळं करत होती, पण तिसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं की यांच्या वाडीत काय सोन्याच्या उशा होत्या काय? मलाही राहवलं नाही. मी मॅनेजरांना म्हटलं, तुम्ही जन्मभर पाहुण्यांच्या तक्रारी ऐकून घेतल्यात, त्याचं उट्टं माझ्या घरी काढताय काय?

ते खो-खो हसले. मग म्हणाले, "अरे, तुला एवढं कळलं नाही चार वर्षांत? ज्याला पुन्हा यायचं असतं तोच तक्रार करतो. सगळं छान आहे म्हणणारा कधी परत येत नाही."

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते निघाले. मॅनेजर ट्रंक घेऊन जिन्यापाशी पोचले होते, आमच्या दिव्याच्या बटणाबद्दल काहीतरी सांगत होते. नलूने वहिनींना कुंकू लावलं, ओटी भरली, वाकून नमस्कार केला. वहिनींनी चपला घातल्या, दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या.

"नलू," त्या म्हणाल्या, "तुझ्या आमटीक मीठ जरा कमी पडता गे."

मला एकदम भरून आलं. नलू मात्र रात्री झोपेपर्यंत धुसफुसत होती, चार दिवस राबून वर हे ऐकायचं म्हणाली. मी तिला काही समजावत बसलो नाही. दुसऱ्या दिवशी पिंजाऱ्याकडे गेलो आणि आणखी एक गादी भरायला टाकली.